शताब्दी ते पॅसेंजर... व्हाया हॅमस्ट्रिंग

हॉस्टेलवर आल्यावर आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त मस्टरपुरतं उरतं. आमच्या विंगमध्ये एक 'जर्नल' आहे (अर्धा वर्ग तिचीच जर्नल्स उतरवतो), एक 'गीझर' आहे (पहाटे गरम पाणी मिळालंच तर ते फक्त तिलाच मिळतं), आणि एक 'शताब्दी' होती. ती शताब्दी म्हणजे अस्मादिक! १०० मीटर, २०० मीटर आणि रिलेचा शेवटचा टप्पा. गेल्या जानेवारीत या शताब्दीची पॅसेंजर झाली. प्रत्येक स्टेशनवर थांबणारी, मागून येणाऱ्या सगळ्यांना वाट करून देणारी. हा लेख त्या पॅसेंजरच्या नऊ महिन्यांच्या प्रवासाचा आहे.

माझ्या मराठीबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी लाल पेन घेऊन बसणार नाही. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. तिथे कॉरिडॉरमध्ये मराठी बोललं की दंड, आणि मराठीच्या तासाला वर्षभर 'वचन बदला, लिंग बदला'. माझं मराठी खऱ्या अर्थाने वाढलं ते मेसच्या रांगेत आणि ग्राऊंडवर. पण पळायला शिकवलं ते त्याच शाळेने. स्पोर्ट्स डेला चार हाऊसेस, चार रंगांचे झेंडे, आणि आमच्या पी.टी.च्या सिस्टर पांढऱ्या झग्यात, शिट्टी तोंडात धरून, लेनच्या कडेकडेने आमच्याबरोबर पळायच्या. त्यांचं एकच वाक्य असायचं, फिनिश लाइनच्या पुढे पाच मीटरवर एक भिंत आहे असं समज आणि तिला हात लावून ये. मी ती न दिसणारी भिंत दहा वर्षं शिवत आले.

आता जानेवारीकडे येते. विद्यापीठाच्या झोनल स्पर्धेची तयारी चालू होती. संध्याकाळचे साडेपाच, नेहमीचा वॉर्मअप झालेला, पायात स्पाइक्स, आपला तो मुरमाचा ट्रॅक. सगळं रोजच्यासारखं. २०० मीटरचं वळण संपून सरळ पट्टा लागला आणि उजव्या मांडीला मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी खरोखरच मागे वळून बघितलं, कोण आहे म्हणून! कुणीच नव्हतं. पुढच्या दोन पावलांत कळलं की दगडबिगड काही नाही, आतच काहीतरी तुटलंय. मी एका पायावर थांबले आणि तिथेच मुरमावर बसले. रिलेच्या तिघींनी मला हाताची पालखी करून रूमवर आणलं. आमची रूम तिसऱ्या मजल्यावर आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावं!

त्यानंतर सुरू झाली सल्ल्यांची रांग. मेसच्या मावशी म्हणाल्या, "आंबेहळद उगाळून लाव बाळा, वरून एरंडाचं पान गरम करून बांध, चार दिवसांत पळशील." रूम पार्टनर म्हणाली, बर्फ. समोरच्या रूममधली म्हणाली, गरम पाण्याची पिशवी. गावातल्या एका डॉक्टरांनी मांडीला हातही न लावता विचारलं, "इंजिनिअरिंग करतेस ना? मग पळायचं कशाला? झालं तेवढं पुरे. अभ्यासात लक्ष घाल." आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. रात्री पप्पांचा फोन आला. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "बघ बेटा, डॉक्टरसुद्धा तेच म्हणतात. आता थर्ड इयर येईल, मग प्लेसमेंट. या वर्षापुरतं बघ, नाही जमलं तर सोडून दे." फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा रडले. तोवर दुखत असूनही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

दहा दिवसांनी जिमखान्याच्या सरांनी मला स्वतःच्या स्कूटरवर बसवून जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे नेलं. त्यांनी मला पालथं झोपवलं, गुडघा वाकवायला लावला, टाचेला हात लावून उलटा जोर दिला, मांडीवर बोटाने इंच इंच दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "ग्रेड टू स्ट्रेन. हॅमस्ट्रिंग."

आता मी पडले मेकॅनिकलची. 'स्ट्रेन' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लांबीतला बदल भागिले मूळ लांबी! मी विचारलंसुद्धा, "मॅडम, किती टक्के?" त्या हसल्या आणि मग एक कागद घेऊन त्यांनी मला जे समजावलं, ते आमच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

हॅमस्ट्रिंग म्हणजे एक स्नायू नाही, मांडीच्या मागच्या बाजूचे तीन स्नायू : बायसेप्स फेमोरिस, सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस. बसायच्या हाडापासून निघून ते गुडघ्याच्या खाली जातात, म्हणजे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे एकाच वेळी सांभाळतात. वेगात पळताना पाय पुढे फेकला जातो, नडगी झटक्याने सरळ होऊ बघते, आणि पाऊल जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी तिला आवरायचं काम हॅमस्ट्रिंगकडे असतं. म्हणजे स्नायू लांब होतोय आणि त्याच वेळी ब्रेकही लावतोय. दोरी ताणली जात असताना तिनेच ओढायचं! वेग जितका जास्त, तितका हा ब्रेक जोरात लागतो. म्हणून स्प्रिंटर्समध्ये ही दुखापत इतकी कॉमन, आणि त्यातही बहुतेक वेळा बळी जातो तो बायसेप्स फेमोरिसचा. ग्रेड एक म्हणजे थोडे तंतू दुखावले, ग्रेड तीन म्हणजे पूर्ण तुटला. मी मधली. सेकंड क्लास!

"बर्फ लावू का?" मी विचारलं. त्यावरही एक गोष्ट निघाली. रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन हा मंत्र आपण सगळ्यांनी ऐकलेला. तो डॉ. गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात दिला होता. आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी उलट बरं व्हायला उशीर होऊ शकतो. सुरुवातीला दुखणं कमी करायला बर्फ ठीक, पण स्नायू बरा होतो तो बेताबेताने काम दिल्यावर. "पलंगावर झोपून राहिलीस तर पलंगावर झोपण्याइतकाच मजबूत होईल," असं मॅडमचं म्हणणं.

हे ऐकून मेकॅनिकलवालीला जरा धक्काच बसला. आम्ही शिकतो ते फटीग. स्टीलच्या दांड्याला पुन्हा पुन्हा लोड दिला की एक बारीक भेग पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस दांडा मोडतो. भेग पडलेला दांडा लोड दिल्याने बरा झाला असं कुठल्याही टेक्स्टबुकात नाही. पण शरीराचा हिशोब वेगळा आहे. हाडावर जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवतं, हे जर्मन सर्जन जुलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. स्नायूंचंही तसंच. मापात लोड दिला तर तिथले तंतू त्या लोडच्या दिशेने पुन्हा विणले जातात. म्हणजे ज्या गोष्टीने मोडलं, त्याच गोष्टीच्या छोट्या छोट्या डोसने जुळायचं. मला हे फार आवडलं.

आवडणं सोपं होतं, करणं महाकठीण! फेब्रुवारीत माझा व्यायाम काय, तर पाठीवर झोपून टाचा जमिनीत रोवायच्या, कंबर उचलायची आणि तीस आकडे मोजायचे. शताब्दीला शंटिंग यार्डात उभं केल्यासारखं! मग एका पायावर तेच. मग एका पायावर उभं राहून पुढे वाकायचं, त्या वेळी मी साबुदाण्याच्या खिचडीसारखी थरथरायचे. मार्चमध्ये आला 'नॉर्डिक'. गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी मागून घोटे घट्ट दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, पडणं जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं. घोटे धरायचं काम रूम पार्टनरचं. ती माझ्या पायांवर बसून एम-थ्रीची गणितं पाठ करायची. दोघींचाही तो विषय निघाला, त्यामुळे नॉर्डिकचा एक फायदा तर सिद्ध झालाच!

याच काळात सगळ्यांनी मला एकच व्हिडिओ पाठवला. तुम्हीही बघितला असेल. १९९२ चं बार्सिलोना ऑलिंपिक, ४०० मीटरची सेमिफायनल, ब्रिटनचा डेरेक रेडमंड. मध्येच हॅमस्ट्रिंग फाटतो, तो खाली बसतो, पुन्हा उठून लंगडत निघतो आणि प्रेक्षकांतून त्याचे वडील धावत येऊन त्याला खांदा देतात. बापलेक रेषा ओलांडतात, स्टेडियम उभं राहतं. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घसा दाटला. पण दुखरा पाय घेऊन पलंगावर पडल्या पडल्या पाहिलं तेव्हा वेगळाच प्रश्न पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? व्हिडिओ तिथे संपतो, आणि पायाची खरी गोष्ट तिथे सुरू होते. आपली हिमा दास २०१८ मध्ये फिनलंडमधल्या टाम्परे इथे ४०० मीटरमध्ये वीस वर्षांखालची जगज्जेती झाली, ५१.४६ सेकंदांत. तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. पण २०२१ मध्ये टोकियोच्या तोंडावर हॅमस्ट्रिंगने दगा दिला आणि तिचं ऑलिंपिक हुकलं, त्यानंतर तिने घालवलेल्या सकाळींचा व्हिडिओ कुणी पाठवत नाही. त्या सकाळींमध्ये बघण्यासारखं काही नसतं म्हणा. एक सतरंजी, एक माणूस आणि आकडे मोजणं.

एप्रिलमध्ये मी पुन्हा ट्रॅकवर आले. नियम असा : आधी ५० टक्के वेगाने, ते तीन दिवस बिनतक्रार झालं तर ६०, मग ७०. सर स्टॉपवॉच घेऊन उभे, आणि माझा वेग ठरल्यापेक्षा वाढला की शिट्टी. परीक्षेत आणि सुट्टीत घरच्या गच्चीवर व्यायाम चालू ठेवला. आई कपडे वाळत घालता घालता आकडे मोजायची आणि पंचवीसवर आल्यावर मुद्दाम पुन्हा वीसपासून सुरू करायची! जुलैत कॉलेज उघडलं तेव्हा मी ८० टक्क्यांवर होते. स्नायू तपासला, दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी. दुखणं शून्य.

आणि इथे गाडी अडली.

८५ च्या वर मी जाऊच शकेना. पाय नाही म्हणत नव्हता, मीच आतून हँडब्रेक ओढत होते. वळण संपून सरळ पट्टा लागला की आपोआप पाऊल आखूड व्हायचं. दुखापतीआधी माझे १०० मीटर १३.४ सेकंदांत व्हायचे. आता १४.६. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर पाणीसुद्धा फुंकून पीत होते! यात भर म्हणजे माझी रिलेतली जागा फर्स्ट इयरमध्ये असतानाच एका ज्युनिअरने घेतली होती. १३.६. गोड पोरगी, मला ताई म्हणते, माझी पाण्याची बाटली भरून आणते. तिच्यावर रागावताही येईना. ऑक्टोबरमध्ये इंटरकॉलेजिएट, सप्टेंबरच्या शेवटी ट्रायल, आणि पप्पांचं "या वर्षापुरतं बघ" कानात. या वर्षी टीममध्ये नाही, तर मग केव्हाच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी पुन्हा फिजिओ मॅडमकडे गेले आणि म्हटलं, "पाय बरा आहे, डोकं बरं नाही." मला वाटलं होतं त्या 'पॉझिटिव्ह थिंकिंग'वर बोलतील. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघा वाकू नये म्हणून पट्टा बांधला आणि सांगितलं, "आता हा पाय जमेल तितक्या झटक्यात वर उचल." स्वीडनमधले कार्ल आस्कलिंग नावाचे संशोधक आहेत, ही त्यांची टेस्ट. आधी चांगला पाय, मग दुखापतीचा. पाय किती वर जातो हे बघतातच, पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारतात : उचलताना मनात धाकधूक झाली का? झाली असेल, तर खेळाडू अजून तयार नाही. म्हणजे ज्याला मी मनाचा खेळ समजून लपवत होते, ते त्या टेस्टमध्ये सरळ एक रीडिंग आहे! ज्याच्या हॅमस्ट्रिंगला एकदा दुखापत झाली त्याला ती पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे धाकधूक ही काही वेड्यासारखी गोष्ट नाही, शरीराने लावलेला तो फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे. आस्कलिंग यांनी २००७ मध्ये अव्वल स्प्रिंटर्सच्या हॅमस्ट्रिंगचा अभ्यास छापला, त्यातल्या मंडळींना पूर्वीच्या पातळीवर यायला सर्वसाधारणपणे १६ आठवडे लागले होते, आणि काहींना जवळजवळ वर्ष. हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी एकटी मागे पडलेली नव्हते, रस्ताच तेवढा लांब होता.

मग आम्ही धाकधुकीलाही डोस द्यायला लागलो. आठवड्यातून दोनदा झटक्यात पाय उचलणं. ट्रॅकवर ३० मीटर हळूहळू वेग वाढवत यायचं, दोन कोनच्या मधले १० मीटर फुल, मग सोडून द्यायचं. फक्त दहा मीटर. दहा मीटर भीती सहन करणं कुणालाही जमतं. पुढच्या आठवड्यात पंधरा. मग वीस. मेसचा वरण-भात, सबमिशनची धावपळ, प्रॅक्टिकलला उशिरा आल्याबद्दलची बोलणी, हे सगळं आपापल्या जागी चालूच होतं.

ट्रायलला मी १३.९ पळाले. १०० मीटरची जागा ज्युनिअरला मिळाली आणि ती तिचीच होती. सरांनी रिलेची यादी वाचली. मला दुसरा टप्पा, तिला शेवटचा. माझा शेवटचा टप्पा गेला हे ऐकताना छातीत कळ आली, खोटं कशाला बोलू. पण सरांनी बाजूला घेऊन इतकंच सांगितलं, "दुसऱ्या टप्प्यात वळण नाही. सरळ पट्टा. जा, पळ." या माणसाने सगळं बघितलं होतं, एक शब्द न बोलता.

स्पर्धेच्या दिवशी मी समोरच्या पट्ट्यावर, बॅटन बदलायच्या ३० मीटरच्या झोनमध्ये उभी होते. आमची पहिल्या टप्प्याची मुलगी वळण घेऊन येत होती. मी ठरलेल्या खुणेकडे बघत होते. ती खुणेवर आली, मी निघाले, मागून आवाज आला, "हात!" मी हात मागे केला, तळव्यावर बॅटन आपटलं आणि मी पळाले. बस्स, एवढंच आठवतं. शेजारच्या लेनमधली मुलगी, समोर पसरलेला तिसरीचा हात, बॅटन सोडल्यावरची मोकळी बोटं. लेनमध्ये थांबून धापा टाकताना लक्षात आलं की गेल्या शंभर मीटरमध्ये मला माझ्या उजव्या पायाची एकदाही आठवण झाली नव्हती. मी मांडीला हात लावून बघितला. होती जागेवर!

आम्ही चौथ्या आलो. पदक नाही, कप नाही, नोटिस बोर्डावर नाव नाही. रात्री पप्पांना फोन केला. "कितवा नंबर?" म्हणाले. "चौथा." थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाय दुखतोय का?" मी म्हटलं, "नाही." "मग पुढच्या वर्षीचं बघू," म्हणाले. आमच्या पप्पांच्या भाषेत याला टाळ्यांचा कडकडाट म्हणतात!

अजून मी १३.४ ला पोचलेली नाही. १३.७ वर आहे. कदाचित पोचेन, कदाचित नाही. त्या ज्युनिअरला स्टार्ट शिकवतेय, तिचा पहिला पाय ब्लॉकमधून फार बाहेर पडतो. गेल्या महिन्यात बास्केटबॉलच्या एका मुलाचा घोटा गेला, सिव्हिलच्या एका मुलीचं वर्ष गेलं. दोघंही रूमचं दार लावून बसले होते. बरं होण्याच्या काळात सगळ्यात जास्त गरज असते ती घोटे धरून बसणाऱ्या माणसाची, मग ते नॉर्डिकसाठी असो की के.टी.च्या पेपरसाठी. भाषण कुणालाच नको असतं.

तेव्हा सांगून ठेवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे साडेपाच, ग्राऊंडच्या पाण्याच्या टाकीजवळ. पाय, गुडघा, घोटा किंवा मन, काहीही दुखावलेलं असलं तरी चालेल. सतरंजी आपली आपण आणायची. आकडे मी मोजेन, आणि पंचवीसवरून पुन्हा वीसवर आले तर रागवायचं नाही!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी